वाशीम बाहेरचं, स्पेन घरचं

“पूर्ण नाव सांगा.” सांगितलं. आडनाव ऐकलं आणि चेअरमनसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. “अहो, आमच्या सोसायटीत बाहेरच्यांना फ्लॅट देत नाहीत. तुम्ही आपलं दुसरीकडे बघा.” पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुण्यात कर्वेनगरातली सोसायटी. मी वाशीमकडची, क्लासमध्ये स्पॅनिश शिकवते, धायरीत चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहते. आईचे गुडघे गेलेत. तिला गावाहून आणायचं तर लिफ्टचं घर हवं होतं. एवढंच मागत होते.

महिन्याभरात तोच फ्लॅट एका स्पॅनिश इंजिनिअरला दिला. वाशीम बाहेरचं, स्पेन घरचं! वा रे भूगोल. त्याचं आडनाव यांना धड उच्चारता येत नाही. पण त्यात जात सापडत नाही ना, मग चालतं.

वर त्याचा सत्कार. शाल, नारळ. आणि दुभाषी म्हणून कोण? मी. फुकटात. क्लासमधून नंबर काढून चेअरमन फोनवर एकदम गोड. “नीट करा हं. मग तुमच्यासाठी दुसऱ्या फ्लॅटचं बघू.” सांगायला लाज वाटते, पण मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

तो बोलायला उभा राहिला. “आम्ही लाखो लोक देशाबाहेर राहतो. इथून तिकडे मत देतो. देश सोडला तरी आम्हाला मोजलं जातं. माझे आजोबा मजुरीला जर्मनीत गेले होते. त्यांचं नाव ऐकून घरमालक दार लावून घ्यायचे. बाहेर राहिलेल्यांनीच आमच्या देशाला शिकवलं, आलेल्याला आत घ्यायला.”

मी मराठीत सांगायला लागले, तोच चेअरमन कानाशी आले. “ते दाराचं गाळा. पुणे आवडलं म्हणावं.”

गाळा म्हणे! डोकंच फिरलं माझं. माईक घट्ट धरला आणि शब्दन्‌शब्द सांगितलं. मग म्हटलं, “हे त्यांच्या आजोबांचं झालं. आता माझं ऐका. याच सोसायटीने माझं आडनाव ऐकून मला परत पाठवलं. आणि दाराचं गाळा, असं आत्ताच मला सांगितलंय.” तेच स्पॅनिशमध्ये त्यालाही ऐकवलं.

एरवी नाकाने कांदे सोलणारी मंडळी चपलांकडे बघत बसली. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, “सत्काराच्या दिवशी हे असलं कशाला?” तो इंजिनिअर म्हणाला, फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटून घेऊन, शाल सावरत, लिफ्टने वर गेला. आजोबांची गोष्ट सांगायला काय जातंय?

दुसराही फ्लॅट गेला. आई धायरीलाच आली. चार जिने बसत बसत चढली. मी रडले, खोटं कशाला बोलू.

पण एक कळलं. तो हजारो मैलांवर राहून मोजला जातो. मी सहा वर्षं या शहरात राबतेय आणि माझं मत अजून गावाकडे. शहराने पाहुणी म्हटलं आणि मी मुकाट्याने पाहुणी झाले. त्याच आठवड्यात अर्ज भरले. पुण्याच्या मतदार यादीत आईचं नाव आणि माझं.

येऊ का, असं यापुढे कुणाला विचारणार नाही. मी इथली आहे. ज्याला खुपतं, त्याने शहर सोडावं.