काकांच्या कॅमेऱ्यातली लाल रेघ

माझ्या काकांनी गावातल्या निम्म्या लोकांचे दात पाहिले होते. चेहरे मात्र त्यांना ओळखू येत नसत. दातांच्या इस्पितळात ते फोटोग्राफर. पेशंटने ओठ फाकवून बसायचं, काकांनी थेट दाढेजवळ कॅमेरा न्यायचा, लेन्सची रिंग हाताने फिरवायची आणि श्वास रोखून फोटो घ्यायचा. रस्त्यात कुणी हाक मारली तर म्हणायचे, "जरा हसून दाखवा, म्हणजे ओळख पटेल."

तोवर तो विनोद होता. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदाच खराब होतोय, चष्म्याने काही होणार नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. कशीही करून तेवढी काढायची होती. हे फक्त काकूला आणि मला माहीत. फोटो पुसट येऊ लागले, आणि काका एकेका दाताचे दहा-दहा फोटो काढू लागले.

कॅमेरा इस्पितळाचा, बारा वर्षांचा. कंपनीने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. पण कुणा हौशी मंडळींनी त्याच्यासाठी नवं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं. मी ते कार्डावर घेऊन कॅमेऱ्यात घातलं. पाच मिनिटं स्क्रीन काळीठिक्कर.

"मेला तर तुझं नाव सांगेन," काका म्हणाले.

मग तो सुरू झाला. जिथे फोकस नेमका, तिथे स्क्रीनवर दाताच्या कडेला लाल रेघ. चांगली ठळक. काकांना ती दिसली! त्यांनी काकूच्या दातांचे चाळीस फोटो काढले. शेवटी काकू म्हणाली, "आता चावेन हं."

दोन महिने सुरळीत गेले. एकदा मी चार्जर द्यायला इस्पितळात गेलो, तेव्हा मोठ्या मॅडम काकांना विचारत होत्या, "फोटो अलीकडे झकास येतात. काय केलंत?"

"सवय, मॅडम."

तिथेच थांबायचं ना! पण माझी जीभ. "छे हो, मी नवं फर्मवेअर टाकलंय. लाल रेघ दिसली की बटण दाबायचं. शेंबडं पोरसुद्धा काढेल."

मॅडमनी कॅमेरा हातात घेतला. शेजारच्या नर्सच्या दातांचा एक फोटो काढला. मग दुसरा. "अरेच्चा," म्हणाल्या. मला शाबासकीही दिली.

सोमवारी काकांना त्याच नर्सला काम शिकवायला लावलं. सव्वीस वर्षांचं काम वीस मिनिटांत शिकवून झालं. काकांची बदली जुन्या केसपेपरांच्या खोलीत. तिथे बारीक अक्षरांतले नंबर वाचून कागद शोधायचे. आठव्या दिवशी एका म्हाताऱ्याचा कागद दुसऱ्याच्याच हाती गेला. चौकशी झाली, डोळ्यांचं बाहेर आलं आणि काका घरी बसले.

मी म्हटलं, "काका, जुनं फर्मवेअर परत घालता येतं."

"कॅमेऱ्यात येतं रे. मॅडमच्या डोक्यात घालता येतंय का बघ."

हल्ली मी गेलो की ते बाहेरच्या खोलीतून उठून आत जातात. चेहरा दिसत नाही, पण माझी चप्पल वाजली की बरोबर ओळखतात.