टिकाराम डायवरच्या वाटेवरचे दिवे

टिकाराम काकाजीचा हात धराची हिंमत आमच्या वार्डात कोणाचीच नव्हती. एकदा मी धरला होता, नालीजवळ. असा झटकला का माझ्या बांगड्या वाजल्या. "मंजू, मी काय लहान पोरगं हाय का वो?" मी बी गप्प राहणारी नाही. म्हणली, "पडान तवा उचलाले मलेच बोलावान!" पण बोलून गेली अन् मंग मलेच कसंतरी झालं. बालाघाटहून बिरसा गावाले जाणारी बस जन्मभर चालवली त्या माणसानं. घाटातले वळणं, दोन्हीकडं जंगल, रस्त्यात बसलेल्या म्हशी, अन् मांगं बसभर लोकं त्याच्या भरवशावर बिनधास्त झोपलेले. अशा माणसाले शेजारच्या बाईनं हात धरून नाली पार करून द्यावं, हे त्याले कसं सोसन?

काचबिंदू झालता त्याइले. गोंदियाच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, गेलेली नजर वापस येत नाही, उरली तेवढी सांभाळा. अनुसया काकी, म्हणजे त्याइची बायको, सकाळ-संध्याकाळ डोळ्यात औषध घाले. घालताना ती देवाचं नाव घे अन् काकाजी तिले चिडवत, "तू मंतर म्हणून राह्यली का औषध घालून राह्यली?"

काकाजीले एकच गोष्ट पायजे होती. दिवस बुडाच्या वक्ती घरातून एकट्यानं फाटकापर्यंत जाणं. त्याइचं घर मांगं, समोर लांबच लांब भाजीची वाडी, मधातून विटांची वाट, बोरिंगजवळ एक वळण, अन् मंग फाटक. फाटकाबाहेर सिमेंटचा ओटा. त्याच वक्ती बिरशाची बस वापस येते. नवा डायवर यांच्याच हाताखाली शिकलेला. तो काकाजीसाठी हार्न मारते, काकाजी हात वर करतेत. बस, एवढंच. पण त्या हार्नसाठी तो माणूस दिवसभर तयार होऊन बसे, धुतलेला सदरा घालून.

गर्मीच्या दिवसात एक डाव बोरिंगच्या वळणावर काकाजी पडले. गुडघा फुटला. काकी म्हणे, "आता मी संग येत जाईन." काकाजी म्हणे, "मंग मी जातच नाही." अन् खरंच गेले नाही. हार्न वाजला, अन् हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. काकीनं मले हे सांगितलं तवा ती पदरानं डोळे पुसून राह्यली होती. मी म्हणली, "अवो, तं रडता काहून? वाटेवर दिवे लावा ना!"

माझा दीर गजेंद्र लाइट फिटिंगचं काम करते. त्याले घेऊन गेली. वायरचे बल्ब काकीले नको होते, वाडीत कुदळ चालते, कधी वायर तुटली तं करंट लागन. जमिनीत खुपसाचे छोटे सोलर दिवे गजेंद्रनं दाखवले, ते काकाजीनंच नापास केले. "बकरी आली का गेले कामातून." मंग उंच खांबावरचे दाखवले, तं काकाजी खेकसले, "डोळ्यावर उजेड नको रे बावा! समोरच्या गाडीनं अप्पर मारला का डायवर आंधळा होते. मले डिपर पायजे, पायावर पडणारा." शेवटी गुडघ्याएवढ्या खुंट्यावर बसवाचे दिवे ठरले. वर तिरपी सोलर प्लेट, खाली त्याच बाजूले दिव्याचं तोंड. काकाजी स्वतः वाटेवर उभे राहून जागा दाखवत होते, "वळणाच्या पहले एक पायजे, वळणावर नको. वळण आधी समजलं पायजे." त्या दिवशी त्याइचा आवाज बसच्या सीटवर बसल्यावाणी निघत होता.

अन् तथीच घोडं अडलं. गजेंद्र दिव्याचं तोंड दक्षिणेकडं करून राह्यला होता. काकीनं त्याचा हात पकडला. आमच्याकडं धनतेरसले एक दिवा दक्षिणेकडं तोंड करून ठेवतेत, तो यमाचा. बाकी वर्षभर कोणी दिव्याचं तोंड तिकडं करत नाही.

"काकी, प्लेट अन् लाइट एकाच बाजूले हाय," गजेंद्र म्हणे. "आता गर्मीत सूरज सर पे हाय, चालून जाईन. ठंडीत सूरज दक्षिणेकडं झुकते, तवा उत्तरेकडच्या प्लेटले धूपच नाही भेटणार."

"तवाचं तवा पाहू."

मले राग आला. "काय वो काकी, मशीनले काय समजते दिशा!"

"मशीनले नाही समजत, यमाले समजते," काकी म्हणे. "घरात बिमार माणूस हाय, अन् मी रोज यमाले घराची वाट दाखवू?"

दिवे उत्तरेकडं बसले.

अन् लागले बी मस्त! पहिल्या संध्याकाळी काकाजी एकटे फाटकापर्यंत गेले, हात मांगं बांधून, साहेबावाणी. हार्न वाजला. वापस आले तं काकी दारात उभी, हसूनच राह्यली. तवापासून त्याइचं ठरूनच गेलं. निघाच्या वक्ती काकाजी विचारत, "लागले का वो?" अन् काकी चुलीजवळून म्हणे, "लागले!" मंग चप्पल वाजे.

दिवाळी झाली अन् दिवे मंद व्हाले लागले. काकी पदरानं प्लेटा पुसे. "धूळ बसते वो." गजेंद्र दोनदा म्हणे, फिरवून देतो. ऐकन कोण? मी बी भांडली, "हट्टानं दिवे लागत नाहीत काकी!" ती आपली पुसतच राह्यली.

पुसाचा, म्हणजे पौषाचा महिना होता. मी काकीचं सूप वापस कराले गेलती. काकाजी नुकतेच फाटकाकडं गेलते. आम्ही बोलत बोलत पायरीवर आलो अन् मी पाहतच राह्यली. एकही दिवा लागला नव्हता. वाडी सारी काळीकुट्ट, विटा दिसत नव्हत्या. तिकडं हार्न वाजून गेला, फाटक कुरकुरलं, अन् काकाजी येऊन राह्यले होते. पायानं वीट चाचपून मंग पाऊल टाकत. मी ओरडाले तोंड उघडलं, "काकाजी, थांबा!"

"कोण, मंजू होय का?" अंधारातून ते हासले. "पाहा वो, तुह्या दिराचं काम! कसा झकास उजेड पडला. वीट न् वीट दिसते मले."

काकीनं माझं मनगट धरलं. असं धरलं का बांगडी रुतली. मले वाटलं आता ही किंचाळते. पण ती म्हणाली, "हौ जी. मस्त हाय."

काकाजीनं पायरीजवळचा खांब हातानं शोधला, वर आले, आमच्या बाजूनं आत गेले. काकी तथीच खाली बसली.

"कवापासून वो मंजू?" ती हळूच म्हणाली. "कवापासून दिसत नाही त्याइले?"

मी रडली. काकी बी रडली, पदर तोंडात कोंबून, कारण काकाजीचे कान अजून मजबूत होते. आतून आवाज आला, "अनुसया, चाय मांडते का?"

"आली," काकी म्हणाली, अन् डोळे पुसून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गजेंद्रले बोलावलं. "सारे दिवे दक्षिणेकडं फिरव." काकाजी आत दाढी करत होते.

मले राहवलं नाही. तिले बोरिंगजवळ ओढून नेलं. "आता काहून? आता कोणासाठी वो काकी?"

"ते रोज विचारतेत ना, लागले का म्हणून," ती म्हणाली. "काल मी न पाहता हौ म्हणली, अन् ते माझ्या भरवशावर अंधारात गेले. मंग तोंडावर बी खोटं बोलली. एक डाव खोटं बोलली, मंजू, रोज नाही बोलवत मले."

"अन् यम?"

"ज्याचं भेव होतं ते तं घरात येऊन बसलं. आता यमानं पाहिलं तं पाहू दे."

काकीले समजलं, हे तिनं काकाजीले सांगितलं नाही. आपल्याले दिसत नाही, हे त्याइनं बी सांगितलं नाही. दोघंही एकमेकाले सांभाळून राह्यले अन् मी भिंतीच्या इकडून ऐकून राह्यली, जीव तुटते माझा.

आता ठंडीतही दिवे मस्त लागतेत. दिवस बुडाले आला का काकाजी सदरा घालतेत, दारात उभे राहतेत.

"लागले का वो?"

आता काकी चुलीजवळून उत्तर देत नाही. हात पुसत दारात येते, फाटकापर्यंत एक एक दिवा पाहते.

"लागले."

"हौ, दिसते ना मले," काकाजी म्हणतेत, अन् पाय पुढं टाकतेत. काकी तथीच उभी राहते, हार्न वाजेपर्यंत.