काळ्या कपाटावरचे क्रौंच

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. अनेक गुन्ह्यांचे तपशील पुसट होत चाललेत, पण घाटनांदूरच्या त्या चिनी कपाटाचा तपास मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत जसाच्या तसा आठवतो. कुणाचं नाव सांगणार नाही. फिर्यादीला सगळं गाव अप्पा म्हणायचं, मीही तेवढंच म्हणतो.

मी तेव्हा अंबाजोगाई तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन केबिनमध्ये बसलो, तोच बाहेर अंमलदाराच्या टेबलापाशी हसण्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर पंचाहत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. स्वच्छ धोतर, कपाळाला भस्म, डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो काळा चष्मा. शेजारी पन्नाशीला टेकलेला त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा. अंमलदार म्हणत होता, "अप्पा, चायनाच्या मालाला कोण कशाला हात लावंल?"

मी दोघांना आत घेतलं.

"साहेब, माझं कपाट चोरीला गेलंय," अप्पा म्हणाले.

मुलगा घाईने म्हणाला, "कपाट घरातच हाय साहेब. होतं त्याच जागेवर. लातूरला डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं तवापासून असं बोलायलेत."

"घरात हाय ते माझं न्हाई," अप्पा शांतपणे म्हणाले.

जाताना मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरला दाखवायलोत."

अनुभवी पोलिसाने इथेच विषय संपवला असता. वस्तू जागेवर, घरचे म्हणतात ती तीच, फिर्यादी वयस्कर आणि नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेला. पण हा माणूस रडत नव्हता, कुणावर आरोप करत नव्हता. साक्षीदार जसं पाहिलेलं सांगतो, तसं सांगत होता. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन घाटनांदूरला गेलो.

अप्पांचं कापडाचं दुकान. तरुणपणी माल आणायला हैदराबादला जायचे, तेव्हा एका जुन्या बाजारात निळ्या नक्षीची एक चिनी बरणी दिसली आणि ते नादाला लागले. चाळीस वर्षांत त्यांनी बरण्या जमवल्या, फिकट हिरव्या रंगाच्या थाळ्या जमवल्या, संगमरवरी बैठकीच्या दोन काळ्या खुर्च्या आणल्या. सगळ्यांत मोलाचं म्हणजे एका जहागीरदार घराण्याने विकायला काढलेलं काळं कपाट. दोन्ही दारांवर सोनेरी क्रौंच पक्षी. हे सगळं ज्या खोलीत मांडलं होतं, तिला गावातले लोक 'चीन' म्हणत. "अप्पा चीनमध्ये गेलेत" म्हणजे ते धूळ पुसत बसलेत, असा अर्थ.

"हे तुमचं नाही असं कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"हात सांगतो साहेब. माझ्या कपाटावर झाडाच्या चिकाचे थरावर थर होते. हात ठेवला की ऊब लागायची. हे काचंगत गार हाय." मग त्यांनी डाव्या दाराच्या वरच्या भागाकडे बोट केलं. "आन् हे बघा. क्रौंच मान सरळ ताणून उडतो. ह्यातले दोन मान दुमडून उडायलेत. असा बगळा उडतो."

माझ्या डोळ्यांना सगळे पक्षी सारखेच दिसत होते, हे मी कबूल करतो. पण आमचे हवालदार सुतारकाम करणाऱ्या घरातले होते. ते बॅटरी घेऊन कपाटाखाली उताणे झोपले, तळाला थोडं खरवडलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "आत प्लायवूड हाय साहेब. इस्क्रू मशीनचे. जुनं कपाट असतं तर खाचंत खाच बसवलेली असती."

अप्पा खाली बसले. मुलगा दारात उभा होता. वडिलांचं खरं ठरल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. ते मी मनात ठेवलं.

गुन्हा दाखल केला. शेजाऱ्यांच्या जबाबात एवढं मिळालं की, घरचे लातूरला असताना भर दुपारी एक टेम्पो आला, गोधड्यांत गुंडाळलेलं काहीतरी आत गेलं आणि तसंच काहीतरी बाहेर आलं. सगळ्यांना वाटलं, पॉलिशला दिलं असेल. टेम्पोचा नंबर कुणी पाहिला नव्हता.

मी त्या नकली दाराचा फोटो जिल्ह्यातल्या माझ्या सगळ्या खबऱ्यांना पाठवला. सहकारी हसले. चौथ्या दिवशी माजलगावहून फोन आला. तिथला एक केशकर्तनालयवाला माझा जुना खबऱ्या होता.

"साहेब, तुमचे बगळे सापडले. इथला एक पेंटर दाढीला आला की मोबाईलमधे हेच दाखवतो. असं काम जिल्ह्यात कुणी केलं न्हाई म्हणतो."

पेंटर दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या पाठी रंगवणारा. ठाण्यात आणला तेव्हा घाबरला होता, पण फोटो समोर ठेवताच त्याचा चेहरा उजळला. चोर आपलं काम पाहून असा उजळत नाही.

"माझंच हाय साहेब. एका पार्टीनं हॉटेलसाठी करून घेतलं."

"ह्या दोन पक्ष्यांची मान अशी का काढली?"

तो ओशाळला. "त्यांनी दिलेल्या फोटोत वरच्या बाजूला लाईट चमकला होता. काही दिसंना. मग मी धरणावर बगळे बघितलेत तसे काढले."

अप्पांचे डोळे ऑपरेशननंतर काही दिवसांतच जे पाहत होते, ते आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं. पेंटरला मी साक्षीदार केलं. त्याच्याकडून ते नकली कपाट बनवणाऱ्या फर्निचरवाल्याचा पत्ता आणि त्या 'पार्टी'चा फोन नंबर मिळाला. नंबराचे तपशील मागवले, तर त्या क्रमांकावरून अप्पांच्या मुलाला अकरा वेळा फोन गेले होते.

मुलाला बोलावलं. पाणी दिलं, फोनच्या नोंदींचा कागद समोर ठेवला आणि गप्प बसलो. चौकशीत मौनासारखं दुसरं हत्यार नाही. त्याने कागद उलटा करून ठेवला आणि बोलायला लागला.

"एक माणूस जुन्या वस्तूंवर पुस्तक लिहितो म्हणून आलता. फोटो काढले, मापं घेतली. मग म्हणला, कपाटाला वाळवी लागायली, तुमी लातूरला जाताव तर औषध मारून ठेवतो. मी चावी दिली."

"आणि बदललेलं कधी कळलं?"

"लातूरहून आलो त्याच दिवशी. दार लावताना हाताला वेगळं लागलं."

"मग?"

"काय सांगणार साहेब? चाळीस वर्षं जपलेलं मी एका चावीनं घालवलं. तोंडातून निघंना. मग ते बोलाय लागले तवा वाटलं, वयानं होतंय असं लोकांना वाटलं तर वाटू द्या."

तो चोर नव्हता. पण आपली चूक झाकण्यासाठी बापाला वेडा ठरू देत होता. त्याचा जबाब मी शब्दशः नोंदवला आणि म्हणालो, "दोषारोपपत्राची प्रत फिर्यादीला मिळते. त्यांनी हे कागदात वाचण्याआधी तुम्ही स्वतः सांगा."

फोन नंबरावरून माग काढत त्या पुस्तकवाल्याला पुण्याजवळच्या एका गोदामात पकडलं. कपाट तिथेच होतं, गोधड्यांत गुंडाळलेलं. ओळख पंचनाम्यासाठी मूळ कपाट, नकली कपाट आणि बाजारातून आणलेली आणखी काही काळी कपाटं ओळीने मांडली. पंच हजर होते. अप्पांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. एकेका कपाटावर तळहात ठेवत पुढे गेले. चौथ्यापाशी हात थांबला, तो त्यांनी उचललाच नाही.

न्यायालयाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर, कपाट परत दिलं, त्या दिवशी मी सोबत गेलो. मुलाने आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. टेम्पो दारात उभा, आणि बापलेक एकमेकांकडे न पाहता उभे. शेवटी अप्पाच बोलले.

"कपाट गेल्याचं येवढं वाटलं न्हवतं. तू मला येडा ठरू दिलंस, त्याचं लई वाटलं."

अप्पांनी गोधडी सारखी केली आणि म्हणाले, "तिकडून धर. खालून धर, दाराला न्हाई." दोघांनी मिळून कपाट आत नेलं. मी मदतीला पुढे झालो नाही. ते त्यांचं काम होतं.

या गुन्ह्याने मला शिकवलं की, लोभाने खोटं बोलणारा लवकर सापडतो. लाजेने खोटं बोलणारा आपल्याच घरात, आपल्याच माणसाचा बळी देत राहतो आणि कुणाला कळत नाही. आणि दुसरं म्हणजे, एखादी वस्तू आपल्याला कळत नसली तर ज्याला ती कळते त्याचं ऐकावं.

सेवेत मला बक्षिसं मिळाली, चांगले शेरे मिळाले. पण घर आणि गाव एका म्हाताऱ्या माणसाला वेडा म्हणत असताना, त्याची फिर्याद त्याच्याच शब्दांत सरकारी कागदावर उतरली, आणि ती उतरवणारा हात माझा होता, याचा मला आजही सर्वांत जास्त अभिमान वाटतो.