सक्सौलचा जाळ

बस सोरकुदुकच्या वळणावर आली आणि कनिपाला शाळेच्या पत्र्यावर आभाळ दिसलं.

तिथं आभाळ दिसायला नको होतं. त्या वळणावरून पत्र्याच्या मागे सक्सौलच्या झाडांचा करडा-हिरवा पट्टा दिसायचा. आज पत्रा होता, आणि पत्र्यामागे सरळ वाळूची पिवळी टेकडी, वर मोकळं आभाळ. तिनं चष्मा काढून डोक्याच्या रुमालाला पुसला. काच स्वच्छच होती.

"थांबव रे इथं."

"थांबा पुढं आहे, आपाय," ड्रायव्हर म्हणाला. गावात मास्तरीणबाईला सगळे आपायच म्हणत, तो तर तिच्या हाताखाली शिकलेला. "जेवण संध्याकाळी आहे. आत्तापासून पळत जाल तर लोक म्हणतील, आपायला मुलीनं उपाशी ठेवलं."

"थांबव म्हणते ना!"

तो थांबला. ती पिशवी न घेताच उतरली.

दोन आठवडे ती किझिलोर्दा शहरात मुलीकडे होती. नातू झाला होता, त्याला पाळण्यात घालायचं होतं. या वर्षाअखेर तिची नोकरी संपणार होती, म्हणून गावानं निरोपाचं जेवण ठरवलं होतं. ते तिला ठाऊक होतं. शनिवारी नक्की या, एवढाच निरोप होता. बाकीचं आमच्याकडे लागलं, असं फोनवर तिचा जुना विद्यार्थी टोलीबाय म्हणाला होता.

ती शाळेला वळसा घालून मागे गेली आणि उभी राहिली.

खड्डे होते. रांगेत, एकापुढे एक. काही खड्ड्यांच्या कडेनं मुळांची तुटलेली टोकं वर आली होती, माणसाच्या मनगटाएवढी जाड. मधून ट्रॅक्टरच्या चाकांचे पट्टे गेले होते. चार रांगांपैकी एक उरली होती, शाळेच्या भिंतीला लागून असलेली. वाऱ्याच्या तोंडच्या तिन्ही गेल्या होत्या.

तिनं एका खड्ड्यात हात घातला. तळाशी ओल होती. वाळवंटात ओल धरून बसलेली मुळं होती ती, आणि आता कडेची वाळू तिच्या बोटांवरून आत घसरत होती.

ती या गावात नोकरीला आली तेव्हा जुनी शाळा होती. ती आता टेकडीच्या पोटात आहे. तिथं रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी दारातली वाळू काढावी लागे. वाळू काढायचीही रीत असते. फावडं तळाशी घालून उचलायचं, दूर टाकायचं, तेही वाऱ्याच्या पाठीकडे. वरवर ओढलं की जेवढी काढली तेवढीच परत खाली येते आणि माणूस फुकट दमतो. तिनं ते पाठ मोडेपर्यंत केलं. एका वसंतात खिडक्या बुडाल्या, तेव्हा फळा आणि बाकं उचलून ही नवी शाळा बांधली. आणि त्याच वर्षी हिवाळ्यात तिनं पोरांना हाताशी घेऊन पहिली रांग लावली.

सक्सौल लावणं सोपं असतं, जगवणं कठीण. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाला डब्यानं पाणी. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला. गणित चुकलं की एक डबा जास्त, कविता अडली की एक डबा जास्त. उंटांनी शेंडे खाल्ले, काट्यांचं कुंपण घातलं. कुंपण वाऱ्यानं नेलं, परत घातलं. निम्मी रोपं मेली, परत लावली. मुलांच्या एका फळीनं लावली, दुसरीनं जगवली, तिसरीनं सावलीत बसून डबा खाल्ला. टेकडी थांबली. मग हळूहळू टेकडी चालायची हेच लोक विसरले.

"आपाय! अहो, आधीच आलात? सगळी गंमत घालवलीत!"

टोलीबाय धावत आला. गावातला एकुलता एक ट्रॅक्टर त्याचा. तोंड काजळीनं काळं, दात तेवढे पांढरे. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला ओढतच शाळेच्या पलीकडच्या अंगाला नेलं.

तिथं चार चुलाणं खणली होती. दोन पेटली होती, त्यांवर कढया चढल्या होत्या. बाजूला घराएवढा ढीग. सक्सौल करवतीनं कापत नाहीत, लाकूड इतकं कठीण की करवतीचे दात जातात. ते दगडावर आपटून मोडतात. दोन माणसं घाम गाळत तेच करत होती.

"बघा!" टोलीबाय म्हणाला. "असा ढीग जिल्ह्याच्या साहेबाच्या पोराच्या लग्नातसुद्धा नव्हता. आख्ख्या परिसरात कुणाच्या जेवणाला असा जाळ झाला नसेल."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? माझं मी ठरवलं." त्याची छाती फुगली होती. "रानातलं तोडायला गेलो तर वनखात्याची गाडी पकडते. मेलेलं लाकूड दोन दिवस फिरूनही कुठं मिळेना. मग म्हटलं, आपायचं जेवण, आपायची झाडं. यापेक्षा हक्काचं लाकूड दुसरं कुठलं? साखळी बांधली, ओढली. एकेक झाड असलं चिवट निघालं म्हणता, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलत होती!"

कनिपानं त्याच्याकडे पाहिलं. हा पोरगा गणितात कायम नापास. तिसऱ्या रांगेला सगळ्यांत जास्त पाणी यानंच घातलं होतं.

"मुळासकट ओढलीस," ती म्हणाली.

"मग काय! मुळाचा जाळ सगळ्यात टिकतो."

"बुंध्याशी तोडली असतीस तर फुटली तरी असती रे."

तो अजून हसतच होता. तिचा चेहरा नीट पाहिल्यावर त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं.

"आपाय? काय चुकलं का?"

ती वळली. शेवटच्या रांगेपाशी ट्रॅक्टर उभा होता आणि त्याची साखळी पहिल्या बुंध्याला बांधून तयार होती.

"ती साखळी काढ."

"अहो पण दोन कढया अजून चढायच्यात—"

"काढ, टोलीबाय."

आवाज ऐकून हेडमास्तर बेर्दीबेक बाहेर आला. वयानं तिच्या मुलाएवढा, टाय बांधलेला, हातात माइकची वायर. त्याला वाटलं, मानपानावरून काही बिनसलं.

"आपाय, तुम्ही घरी जाऊन जरा पडा. प्रवासानं दमला असाल."

"बेर्दीबेक, ही शाळा इथं का उभी आहे, माहीत आहे तुला?"

"म्हणजे? सरकारी जागा आहे."

"या झाडांच्या आडोशाला उभी आहे. तीन रांगा गेल्या. ही चौथी गेली की येत्या वसंतात तू खिडकीतून वर्गात उतरशील."

तो टेकडीकडे पाहू लागला. जन्मापासून ती तिथंच होती. ती चालू शकते हे त्याच्या डोळ्यांना खोटं वाटत होतं. "पाहुणे निघालेत," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन वस्त्यांची माणसं. अर्धं मटण कच्चं आहे. लाकूड पुरणार नाही. वाळूचं नंतर बघू."

"माझ्या घरामागे हिवाळ्याचा कोळसा पडलाय. तो आणा."

कणीक मळणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांच्यात बसलेली म्हातारी उल्तुआर, गावात सगळ्यांत मोठी, कपाळाला हात लावून म्हणाली, "कोळशावर? आपायच्या निरोपाचं मटण कोळशावर? अगं, चार वस्त्यांत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"माझं जेवण आहे, आजी. तोंडही माझंच जाईल."

"तुझं जाईल तर जाऊ दे. रांधलंय आम्ही!"

कुणी हसलं नाही. टोलीबायनं साखळी काढली. काढताना आकडा दोनदा सुटला.

कनिपा ढिगाकडे गेली. एक फांदी ओढली. ऑक्टोबर सरत आला होता, फांद्यांना बी लागलं होतं, पातळ पापुद्र्यांच्या पंखांचं, लांबून फुलासारखं दिसणारं. तिनं चिमूटभर तळहातावर चोळलं, फुंकर मारून पंख उडवले आणि एक दाणा नखानं फोडला. आत कोंबाची हिरवी गुंडाळी होती. दुसरा फोडला, तो पोचट. तिसऱ्यात हिरवी.

जाळात आत्तापर्यंत किती गेलं असेल, हे तिला मोजवेना.

"या ढिगातली आता एक काटकीही चुलीत घालायची नाही," ती लाकूड मोडणाऱ्यांना म्हणाली. ती दोघं टोलीबायकडे पाहू लागली. टोलीबाय जमिनीकडे पाहत होता.

संध्याकाळी, ऊन असतानाच, जेवण सुरू झालं. शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं हलवून सतरंज्या अंथरल्या होत्या. पाहुणे आले, आणि दारातच त्यांच्या नाकाला कोळसा कळला.

"सोरकुदुकला सक्सौल संपलं वाटतं," शेजारच्या वस्तीचा एक जण म्हणाला.

"नाही हो, आगगाडीच्या इंजिनात शिजवलंय," दुसरा म्हणाला.

बेर्दीबेकचे कान लाल झाले. तरी त्यानं भाषण केलं. कनिपाच्या खांद्यावर मखमलीचा झगा घातला. मानाचं हाड तिच्या पुढ्यात आलं. तिनं सुरीनं मटणाचे तुकडे कापून दोन्ही बाजूंच्या माणसांना दिले, स्वतः रश्शाची वाटी घेतली. उंटिणीच्या दुधाचं आंबट ताक फिरलं. कुणीतरी दोन तारांचं वाद्य छेडलं, गाणं झालं, लोक सैलावले. पोटात गेल्यावर कोळशाचंही कुणाला वाईट वाटेना.

तेवढ्यात वारा उठला.

मोठा नव्हता. ऑक्टोबरात येतो तसाच. खिडकीच्या फटीतून आधी शिट्टी आली. मग मधल्या परातीवर, चरबीनं चमकणाऱ्या कणकेच्या पापड्यांवर, बारीक पिवळी धूळ बसली. कुणीतरी घास चावला आणि थांबला. कचकच झाली. दुसऱ्याच्याही तोंडात झाली.

"खिडकी लावा रे," बेर्दीबेक म्हणाला.

"लावलेलीच आहे," खिडकीपाशी बसलेला म्हणाला.

चाळिशीतल्या माणसांनी या शाळेत बसून कधी वाळू चावली नव्हती. म्हाताऱ्यांनी जुन्या शाळेच्या दिवसांत चावली होती. उल्तुआर म्हातारीनं तोंडातला घास हातात काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "ही तीच आहे." टोलीबाय दाराशी बसला होता. त्याच्या पुढ्यातलं ताट तसंच होतं.

जेवण आटोपलं. आता बाता व्हायचा होता. जेवण उठायच्या आधी वडीलधारं माणूस आशीर्वाद देतं, बाकीचे तळहात उघडे धरतात, शेवटी सगळे हात तोंडावरून फिरवतात. बाता झाल्याशिवाय कुणी उठत नाही. उल्तुआर म्हणाली, "मान आज तुझा, कनिपा. दे बाता."

सगळ्यांनी तळहात वर केले. खोलीभर उघडे हात. त्यांतले बरेचसे तिनं ओळखले. कुणाच्या बोटावर डब्याच्या कडीनं पडलेला वण होता, कुणाला काट्यांच्या कुंपणानं दिलेली खूण. हातांना माहीत होतं. माणसं विसरली होती.

तिनं तोंड उघडलं. शब्द पाठ होते, शेकडो जेवणांत ऐकलेले. या घराला बरकत मिळो, या घरात लेकरं नांदोत. तिला ते म्हणवेनात.

"आपाय," बेर्दीबेक कुजबुजला. "सगळे थांबलेत."

"नाही देत," ती म्हणाली.

कुणाला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. हात तसेच राहिले. शेजारच्या वस्तीचा माणूस इकडेतिकडे पाहू लागला. उल्तुआर ओरडली, "अगं पाप लागेल! जेवलेल्या ताटावरून बिनबाताचं उठवतेस?"

"खोटा बाता दिला तर जास्त लागेल, आजी. या घराला बरकत मिळो म्हणू? घर टिकणार असेल तर म्हणेन." ती उठली. मखमलीचा झगा काढून घडी घालून सतरंजीवर ठेवला. "हात उघडेच आहेत तुमचे. तसेच घेऊन बाहेर चला. उजेड आहे अजून."

ती बाहेर गेली. ढिगाशी बसली. एक फांदी मांडीवर घेतली, बुडाकडून टोकाकडे मुठीनं ओढली आणि बी मांडीवर पसरलेल्या रुमालात पडू दिलं. उलट्या दिशेनं ओढलं की काटक्याच हातात येतात, बी येत नाही.

पाहुण्यांच्या दोन गाड्या सुरू झाल्या. काही माणसं निघून गेली. एक जण जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं." बेर्दीबेक दारात उभा राहिला. धड आतही नाही, धड बाहेरही नाही.

पहिल्यांदा उल्तुआर आली, शिव्या देत. "बिनबाताचं जेवले आज, आयुष्याच्या शेवटी," असं म्हणत तिनं फांदी ओढली. मग कढया घासायला निघालेल्या बायका आल्या. मग काही पुरुष. कोट काढून कुणी तो अंथरला, त्यावर बी पडू लागलं. वारा निम्मं उडवून नेत होता, म्हणून पाठी वाऱ्याकडे करून सगळे दाटीनं बसले. मध्येच कुणाच्या तोंडात वाळू जायची आणि थुंकल्याचा आवाज यायचा.

टोलीबाय सगळ्यांत शेवटी आला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

"माहीत आहे मला."

"मी स्वतः पाणी घातलेलं झाड ओढलं, आपाय. ओळखलंही नाही."

तिनं त्याच्याकडे एक फांदी सरकवली. तो ओढू लागला, पण उलट्या दिशेनं. हात काटक्यांनी भरला.

"बुडाकडून."

त्यानं दिशा बदलली. बी सुटून आलं. दोघं अंधारून येईपर्यंत ओढत राहिले. टेकडीच्या माथ्यावरून वाळूची एक पातळ रेघ वाऱ्याबरोबर निघाली होती आणि रिकाम्या खड्ड्यांवरून शाळेकडे येत होती. टोलीबायनं ती पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"बाता कधी देणार, आपाय?" त्यानं विचारलं.

"बर्फ पडायच्या आधी पेरू. उगवलं की बघू."

"आणि नाही उगवलं तर?"

तिनं पुढची फांदी उचलली.

"तर परत पेरायचं," ती म्हणाली. "तुझा ट्रॅक्टर घेऊन नको येऊस. डबा घेऊन ये."