उंबऱ्यावरचं पाणी

तासगावला आमच्या मागच्या खोलीत एक अफगाण जोडपं भाड्यानं राहायचं. देश सुटलेला, इथंही कायमचं राहता येणार नव्हतं. तो बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचा. संध्याकाळी पायरीवर बसून दोघं एकाच ग्लासातून काळा चहा प्यायची. आई बघून लाजायची. आधी त्यानं परदेशात जायचं, जम बसला की तिला बोलवायचं, असं ठरलं होतं.

तो निघाला, आणि गल्लीच्या वळणाला पोचायच्या आत तिनं तांब्याभर पाणी त्याच्यामागं ओतलं. आई ओरडलीच. "अगं बया, मयत न्हेल्यावर घर धुत्यात! जित्या माणसामागं पाणी कसलं टाकतीस?"

ती हिंदीत शांतपणे म्हणाली, आमच्याकडं असं पाणी टाकलं की गेलेलं माणूस परत येतं.

काही दिवस त्याचे फोन आले, मग बंद झाले. आपलीच जीभ नडली, असं आईनं मनाशी धरलं. बोलण्यानं कुणी मरत नसतं, असं मी कावून सांगायची. ती ऐकायचीच नाही.

पुढं त्याला शोधायला तीही निघाली. आईनं लेकीसारखी तिची ओटी भरली, आणि ती रस्त्याला लागताच स्वतः तांब्या भरून तिच्यामागं पाणी ओतलं.

तिचाही फोन आलेला नाही.

आता दर सोमवारी मी साताऱ्याला नोकरीवर निघते. "येते गं," म्हणून वळून बघते, तर आई भरला तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी असते. ओतत नाही, खालीही ठेवत नाही.