लाल वहीतलं माझं पान

आजकाल मोबाइलवर कुठलंही ॲप ‘परवानगी द्या’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मुलं हसतात. हसू देत. आमच्या गावी, वडवणीत, तेव्हा मला एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

बसस्थानकासमोर पहिलं इंटरनेटचं दुकान निघालं तेव्हा मी बीडहून बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. दोन कॉम्प्युटर आणि मध्ये प्लायवूड, एवढंच दुकान. दुकानवाला भाऊ गिऱ्हाइकाचा ईमेल स्वतःच काढून द्यायचा आणि पासवर्ड आपल्या लाल वहीत लिहून ठेवायचा. "कशापायी काळजी करता? इसरलात तर माझ्याकडं हाय की!" सकाळी लाइन बरी चालायची, म्हणून तो तेव्हाच सगळ्यांचे मेल उघडायचा, छापायचा आणि बाजाराला आलेल्या कुणाच्याही हाती घरपोच धाडायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. गावात पत्रंसुद्धा चारचौघांतच वाचली जायची. मलाही वाटलं नाही, इतकी मी बावळट.

पुण्याच्या एका औषध कंपनीत मी गुपचूप अर्ज केला. अप्पांना, म्हणजे वडिलांना, मी पुरती ओळखून होते. एकटे असले की ते विरघळायचे. बीडच्या कॉलेजला त्यांचा होकार मी अशाच एका दुपारी, आमच्या कापडाच्या दुकानात चिटपाखरू नसताना मिळवला होता. चारचौघांत मात्र एकदा तोंडातून गेलेला शब्द त्यांनी कधी मागे घेतला नाही. म्हणून बोलावणं आलं की पुन्हा तशीच दुपार गाठायची, असं मी ठरवलं होतं.

बोलावणं आलं. भाऊनं ते छापलं आणि भर बाजाराच्या दिवशी अप्पांच्या दुकानात नाचवत आणलं. घर दुकानाच्या मागेच, मी दारात उभी.

"अप्पा, पेढे काढा! पोरगी पुण्याला नोकरीला चालली!"

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. कुणीतरी विचारलं, "एकटीच ऱ्हानार व्हय?"

अप्पांचा चेहरा पडला. "आमच्या पोरी नोकऱ्या करत न्हाईत," ते म्हणाले. झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत भाऊच्या दुकानात गेले. वही हिसकावली आणि माझं पान टराटरा फाडलं.

"ताई, चोरी केली का म्या? चांगलीच बातमी दिली की," भाऊ म्हणाला. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

अप्पांच्या पाया पडेन, अन्न सोडेन, पण आधी कंपनीला ‘येते’ म्हणून कळवावं, असं ठरवून मी मेल उघडला. पाठवलेल्या पत्रांत मी न लिहिलेलं एक पत्र होतं. ‘मला नोकरीची गरज नाही. पुन्हा बोलावू नये.’ खाली माझं नाव.

"अप्पाच म्हनले, कळवून टाक," भाऊ म्हणाला. "तुमचा हेलपाटा वाचवला, ताई."