गाईड फार चांगली

आर्लिन गेल्वेझॉननं आईबापाला युरोप दाखवला, हे आमच्या मियागाओ गावात आता शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. फोटो घरोघरी फिरले. बुडापेस्टच्या पुलावर तातय, ब्रातिस्लाव्हाच्या किल्ल्यापुढे नानय, दोघांच्या अंगात उसने कोट. बायका म्हणतात, लेक असावी तर अशी. नानय ऐकून घेते आणि मान डोलावते. त्या फोटोंत प्रागचा एकही फोटो नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, ते बरंच आहे.

आमच्याकडे बापाला तातय म्हणतात, आईला नानय. आर्लिनचा तातय पासिफिको जन्मभर मियागाओ ते इलोइलो शहर जीपनी, म्हणजे प्रवासी जीप, हाकत आला. माणूस मोठ्या आवाजाचा. इंजिनाच्या खडखडाटावर ओरडून ओरडून गळाच तसा झालेला. नानय फ्लोरफिना बाजारात सुकी मासळी विकायची. या दोघांनी एकुलत्या एका पोरीला नर्स केलं आणि व्हिएन्नाला धाडलं. तिकडं आर्लिन नऊ वर्षं म्हाताऱ्यांच्या इस्पितळात राबली, जर्मन शिकली, कायमची नोकरी मिळवली. मग तिकिटं काढून दोघांना बोलावलं. पोरगी वाईट नाही हो. तसं असतं तर सांगायचा प्रश्नच नव्हता.

पण नानय काही पूल आणि किल्ले बघायला आली नव्हती. ती आली होती नवस फेडायला. आर्लिन पहिल्यांदा विमानात बसली त्या दिवशी नानयनं घरातल्या सांतो निन्योपुढे, म्हणजे बाळ येशूपुढे, गुडघे टेकून बोलून टाकलं होतं, "माझी पोर परक्यांत चाललीय, तिला तुझी म्हणून सांभाळ. मी प्रागला तुझ्या देवळात येईन आणि तुझ्या पायाला रुमाल लावीन." आमच्याकडे मूर्तीला नुसते हात जोडून भागत नाही. रुमाल मूर्तीवरून फिरवायचा, मग दुखऱ्या जागी धरायचा. त्यातून आता तातयच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू झालेला, उजवाही त्याच वाटेवर. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा नानयनं नवा पांढरा रुमाल घेतला, कडेला स्वतः निळा दोरा भरला आणि तो छातीशी ठेवून ती विमानात बसली. बाकी तिला काही नको होतं.

आर्लिनला हे सगळं माहीत होतं. "हो गं नानय, प्राग आहे ना यादीत," असं ती म्हणाली होती. चार दिवसांची बसची सहल तिनं घेतली. सहल स्वस्तातली, गाईड-बिईड काही नाही. ड्रायव्हर शहरात उतरवणार, किती वाजता परत यायचं ते सांगणार आणि सिगारेट ओढत बसणार.

पहिल्या दिवसापासून आर्लिनच्या जिवाला घोर. हॉटेलात सकाळच्या खाण्यावर नानयनं उकडलेली अंडी आणि पाव कागदी रुमालात बांधून पिशवीत कोंबले.

"नानय, हे असं न्यायचं नसतं!"

"का? पैसे दिलेत ना आपण? टाकून देतील मेले."

"लोक बघतात."

"बघू देत. त्यांनाही सांग, दुपारी भूक लागते म्हणावं."

तातयची वेगळीच तऱ्हा. रस्त्यात आमच्याकडचा चेहरा दिसला की हा लांबूनच हाळी द्यायचा, "कबायान! अहो देशवाले! कुठल्या गावचे?" बुडापेस्टला एका सफाईवालीला त्यानं अशी हाक मारली. ती बिचारी व्हिएतनामची निघाली, तरी दोघांनी हात हातात घेऊन हसून घेतलं. आर्लिन तेवढा वेळ दुकानाच्या काचेत बघत उभी राहिली. काचेपलीकडे नळाच्या तोट्या मांडल्या होत्या.

बसमध्ये दोन-दोनच्या सीटा. आईबाप मागं, आर्लिन पुढच्या रांगेत एका बाईशेजारी. ही बाई फ्राउ, म्हणजे श्रीमती, लाइटनर, लिंट्‌झची निवृत्त मुख्याध्यापिका, मानेला रेशमी रुमाल, बोलणं मोजकं. तिनं आर्लिनचं जर्मन ऐकलं आणि म्हणाली, "किती स्वच्छ बोलता तुम्ही! डोळे मिटले तर वाटेल, आमच्यातल्याच आहात." नऊ वर्षांत हे वाक्य आर्लिनला कुणी म्हटलं नव्हतं. इस्पितळातले म्हातारे अजून तिला "ती परदेशी" म्हणत. पोरगी हरखून गेली. आणि नेमकं तेव्हाच मागं नानयनं डबा उघडला. गार भात आणि तळलेली सुकी मासळी! वास बसभर. फ्राउ लाइटनरनं नाकाला रुमाल लावला, वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "या दोघांना तुम्ही फिरवताय ना? गाईड आहात का त्यांच्या?"

इथं नाही म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली होती का? पण आर्लिन हसली आणि म्हणाली, "तसंच काहीसं." आईबापाला जर्मन कळत नव्हतं. मागून नानयनं सोललेलं अंडं तिच्या हातात दिलं. तिनं ते घेतलं, पण खाल्लं नाही. फ्राउ लाइटनर दुसरीकडे बघेपर्यंत तसंच मुठीत धरून ठेवलं.

शेवटच्या दिवशी बस दुपारी प्रागला पोचली. चार वाजता परत निघायचं होतं. फ्राउ लाइटनर म्हणाली, "मलाही त्या बाळ येशूच्या चर्चमध्ये एक मेणबत्ती लावायचीय. जाऊ या बरोबर?" आता हिला नाही कसं म्हणायचं? चौघं निघाली. आर्लिन आणि फ्राउ लाइटनर पुढं, नानय आणि तातय मागं. नानय मोज्यांवर सपाता घालून दगडी रस्त्यावर फट् फट् करत जवळजवळ धावत होती. इतकी खूष तिला कुणी कधी बघितली नव्हती.

आत बाळ येशू होता. पण होता कुठं? उंच संगमरवरी वेदीवर, काचेच्या कपाटात, डोक्यावर सोन्याचा मुकुट. खाली कठडा. नानयनं गुडघे टेकले, रडून घेतलं, नाक पुसलं. मग छातीतून रुमाल काढला आणि वर बघितलं. चांगला दोन पुरुष उंच! मियागाओत मूर्ती हाताशी असते. पोरंसोरं तिचे पाय पुसून पुसून रंग घालवतात. इथं देव कपाटात बंद असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आता गं?" नानय म्हणाली.

"आता काय? आण इकडं," तातय म्हणाला. त्यानं रुमाल घेतला, आपल्या छत्रीच्या टोकाला गाठ मारून बांधला, कठड्यावरून एक पाय पलीकडे टाकला आणि छत्री वर धरली. एका डोळ्याचा माणूस, अंदाज कुठला? छत्री कधी मेणबत्तीच्या झुंबराला लागतेय, कधी देवदूताच्या नाकाला.

"डावीकडं! अहो, डावीकडं! जरा वर!" नानय खालून सांगत होती. ओठ पुढं काढून दिशा दाखवत होती, आमच्याकडे दाखवतात तशी. बाकांवरची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी फसकन हसलं. एकानं फोन वर केला.

आर्लिन खांबाशी उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पुढं होऊन बापाला खाली उतरवावं, हेसुद्धा तिला सुचेना. शेजारी फ्राउ लाइटनर होती ना!

तेवढ्यात चर्चचा राखणदार आला. म्हातारा, शांत माणूस. त्यानं तातयचा दंड धरून त्याला हळूच खाली घेतलं, छत्री काढून घेतली आणि इकडंतिकडं बघितलं. त्याला आर्लिन दिसली. तोच रंग, तेच नाक. त्यानं जवळ येऊन इंग्रजीत विचारलं, "ही तुमची माणसं आहेत का?"

इंग्रजी नानयलाही येतं, तातयलाही. आमच्या शाळाच इंग्रजीत.

"नाही," आर्लिन म्हणाली. "मी फक्त गाईड आहे. मी त्यांना सांगितलं होतं, असं करू नका म्हणून."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "अरेरे. घरचं कुणी असतं तर थांबायला सांगितलं असतं. तुमच्याकडची माणसं नेहमी येतात असा रुमाल घेऊन. थोड्या वेळानं मठातल्या सिस्टर येतील, त्या आत नेऊन लावून देतात. पण गाईडबरोबर आलेल्या माणसांना नाही लावून देत, नाहीतर रांगच लागेल."

आता तरी! आता तरी बोलायचं की नाही? एका वाक्याचं काम होतं. आर्लिननं तोंड उघडलंही. पण घशातून शब्द फुटायच्या आत तातय पुढं आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर आहे साहेब. चूक आमची. या मिस आमच्या गाईड आहेत. गाईड फार चांगली. त्यांना बोल लावू नका."

राखणदारानं परत दिलेल्या छत्रीचा रुमाल नानयनं सोडला. गाठ पक्की बसली होती, दातांनी सोडवावी लागली.

बाहेर पायऱ्यांवर आर्लिननं तिचा हात धरला. "नानय, चल परत आत. मी सांगते त्याला. चल."

"नको."

"अगं, सिस्टर येतील, लावून देतील. चल ना!"

"ती तुझी बाई आत मेणबत्ती लावतेय," नानय म्हणाली. "तिच्यापुढं काय सांगणार तू? एकदा नाही म्हणालीस, आता हो म्हणणार? तुला खोटारडी म्हणेल ती. तुला इथं राहायचंय, आम्हाला नाही."

"आणि नवस?"

नानयनं रुमालाची घडी घालून ती छातीशी ठेवली. तातय म्हणाला, "झाला की. देवाला काय कमी दिसतं? त्यानं बघितलं आम्हाला. आणि मला म्हणशील, तर एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुष्कळ आहे." मग तो बसकडे चालू लागला. पायरी चुकला, नानयनं सावरलं.

त्या क्षणाला आर्लिननं रडावं, पाय धरावेत, ओरडून सांगावं, असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. पण फ्राउ लाइटनर बाहेर आली आणि म्हणाली, "बिचारी साधी माणसं! तुमचा धीर मोठा हं." आर्लिन तिच्याबरोबर चालू लागली.

पुढचा सगळा परतीचा रस्ता तिला छळून गेला. शिव्या दिल्या असत्या, अबोला धरला असता, तर सोसलं असतं. पण त्या दोघांनी तिचं खोटं आपल्या अंगावर घेतलं. जिवापाड सांभाळलं. नानयनं डबा उघडला नाही, उपाशी बसली. पेट्रोल पंपावर बस थांबली तेव्हा ती सगळ्यांदेखत आर्लिनपाशी आली आणि इंग्रजीत म्हणाली, "मिस, बाथरूम कुठं आहे?" जन्मभर जिला "इंदाय, ए इंदाय", म्हणजे पोरी, म्हणून हाका मारल्या, तिला मिस! त्या पंपावर आमच्याकडची दोन माणसं कॉफी पीत उभी होती. तातयनं त्यांना बघितलं आणि मान खाली घालून पुढं गेला. हाळी दिली नाही.

बसमध्ये ती दोनदा मागं वळली. दोन्ही वेळा नानयनं डोळ्यांनीच दटावलं, पुढं बघ.

व्हिएन्नाला बस थांबली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते. सामान उतरलं. फ्राउ लाइटनर हातमोजे चढवत निरोप घ्यायला उभी राहिली. आर्लिनला आता राहवेना. आमच्यात घरी परतलं की वडीलधाऱ्यांचा हात घेऊन कपाळाला लावायचा असतो. म्हातारी झालेली लेकसुद्धा लावते. आर्लिननं बॅग खाली टाकली, नानयचा हात धरला आणि सगळ्यांपुढे कपाळ वाकवलं. बघू दे त्या बाईला, काय म्हणायचंय ते म्हणू दे.

नानयनं हात झटकन मागं घेतला. एकदा फ्राउ लाइटनरकडे पाहिलं. मग पुटपुटली, "इथं नको गं. बघतेय ती." आणि तोच हात तिनं पुढं केला, सरळ, अंगठा वर, परक्या माणसाला देतात तसा.

"थँक यू, मिस," नानय मोठ्यानं म्हणाली. "फार चांगलं दाखवलंत."

आर्लिननं तो हात धरला आणि हलवला.